भागवत, दुर्गा
भागवत, दुर्गा नारायण : (१० फेब्रुवारी १९१०–७ मे २००२). मराठी लेखिका, समाजशास्त्रज्ञ आणि लोकसाहित्याच्या मीमांसक. जन्म इंदूर येथे. शिक्षण मुंबई विद्यापीठातून एम्.ए. पर्यंत. प्राचीन बौद्ध विधिशास्त्रावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे मध्य प्रदेशातील आदिवासींमध्ये संशोधन करीत असता विषारी कंद खाण्यात आल्याने त्या सुमारे सहा वर्षे आजारी राहिल्या व डॉक्टरेटचा संकल्प अपुरा राहिला. काही काळ पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये त्या समाजशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. परंतु त्यांची खरी कर्मभूमी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय हीच होय. १९७५ मध्ये कराड येथील मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. आणीबाणीला केलेल्या विरोधामुळे १९७६ मध्ये त्यांना कारावास घडला.

लोकसाहित्याची रूपरेखा (१९५६) या ग्रंथाने मराठीत या विषयाला शास्त्राची बैठक दिली. तोपर्यंत स्त्रीगीते व कहाण्या गोळा करण्याचे काम प्रामुख्याने जिव्हाळ्याने झाले होते. साने गुरुजींचे स्त्रीजीवन हे त्याचे उत्तम उदाहरण. दुर्गाबाईंनी गीत, कथा, म्हण, उखाणा, विधी आणि श्रद्धा यांचा एकत्र विचार केला आणि पाश्चात्त्य उपपत्ती भारतीय सामग्रीवर घासून पाहिल्या. ॲन आउटलाइन ऑफ इंडियन फोकलोअर (१९५८) आणि भारतीय कूटप्रश्नांवरील १९६५ चा इंग्रजी ग्रंथ हे याच अभ्यासाचे विस्तार होत. वेद, जातके व महाभारत यांत मौखिक परंपरेचे थर दाखविताना त्यांची लेखणी सर्वांत आत्मविश्वासाने चालते.

त्यांच्यातील कलावंत मात्र या चौकटीत मावणारा नव्हता. गोंड जीवनावरील महानदीच्या तीरावर या कादंबरीत अभ्यासकाने टिपलेले आदिवासी विश्व कल्पनेच्या आश्रयाने उभे राहते. तरी कादंबरी म्हणून ती सैल आहे. ऋतुचक्र (१९५६) या निबंधसंग्रहाची गोष्ट निराळी. तेथे झाडे, पाखरे आणि महिने यांचे वर्णन करताना लोकसमजुती आपसूक येतात, टीप म्हणून जोडल्या जात नाहीत. व्यासपर्व (१९६२) मध्ये महाभारतातील व्यक्तींना त्यांनी नवे अंतरंग दिले. पैस (१९७०) मधील नेवाशाच्या खांबावरील निबंधात तर दगड, संत आणि लोकश्रद्धा यांची सांधेजोड अशी आहे, की त्यात इतिहास कोठे संपतो आणि कल्पना कोठे सुरू होते हे सांगता येत नाही. या पुस्तकास १९७१ चे साहित्य अकादेमी पारितोषिक मिळाले.

संग्राहक आणि निर्माता एकाच व्यक्तीत असले म्हणजे काय घडते, हे आयर्लंडच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. क्रोकरने दक्षिण आयर्लंडमधील परीकथांचा संग्रह १८२५ मध्ये काढला. डब्ल्यू. बी. येट्सने १८८८ मध्ये आयरिश शेतकऱ्यांच्या लोककथा संपादित केल्या आणि १८९३ च्या द केल्टिक ट्वायलाइट मध्ये त्यांच्यात आपली स्वप्नेही मिसळली. लेडी ग्रेगरी यांनी आपल्या परगण्यातील बोलीच्या वळणाची इंग्रजी वापरून सांगणाऱ्याचा आवाज राखण्याचा यत्न केला. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने मात्र सांगणाऱ्याचे नावगाव व शब्द जसेच्या तसे नोंदण्याचा दंडक घातला. कथा लेखकाची की सांगणाऱ्याची, या प्रश्नाला तेथे मिळालेली ही वेगवेगळी उत्तरे होत.

दुर्गाबाईंच्या लेखनात हा प्रश्न सुटलेला नाही. बंगाल, पंजाब, डांग आदी प्रदेशांतील लोककथा त्यांनी बालवाचकांसाठी सुबोध पुस्तिकांतून मराठीत आणल्या. त्यांचे मोल मोठे आहे. कितीतरी घरांतील मुलांना इतर प्रांतांची पहिली ओळख त्यांतूनच झाली असेल. परंतु या सर्व कथांची मराठी एकच, सफाईदार आणि शिष्ट आहे. कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी सांगितली हे कथेतून कळत नाही. ज्या लेखिकेने रूपरेखेत विधी आणि कथा यांचा संबंध इतक्या बारकाईने उलगडला, तिने आपल्या पुनर्कथनांत तो सोडून द्यावा, ही विसंगती खटकते.

नांदेड व लातूरकडे पाहिले असता ही उणीव विशेष जाणवते. या भागात मराठीला तेलुगू व कन्नड या दोन्ही भाषांचा शेजार आहे. नांदेड जिल्ह्यात माहूरची रेणुका आणि माळेगावचा खंडोबा ही मोठी यात्रास्थाने होत. माळेगावच्या यात्रेत भटक्या जमाती मोठ्या संख्येने जमतात. अशा ठिकाणी कथेचा गाभा बोली, वाद्य आणि मागणाऱ्याची जात यांपासून सोडवून घेता येत नाही. गोंधळ्याची कथा संबळावाचून छापली की तिचे निम्मे अंग गळते. या दृष्टीने मराठवाड्यात ना. गो. नांदापूरकर (स्त्रीगीते) आणि प्रभाकर मांडे (मांग आणि त्यांचे मागते, गावगाड्याबाहेर) यांनी केलेले काम दुर्गाबाईंच्या लेखनाला पूरक ठरते. मांडे यांच्या गद्यात दुर्गाबाईंचे लालित्य नाही, पण सांगणारा माणूस त्यात उभा आहे.

पाली जातकांच्या अनुवादात (सिद्धार्थ जातक, सात खंड) ही अडचण उद्‌भवत नाही. तेथे मूळ कथा शतकांपूर्वीच लिखित झालेली आहे. अनुवादकाने निष्ठा ठेवावयाची ती संहितेशी. पशुपक्ष्यांच्या संवादांतील मिस्किलपणा, व्यापाऱ्यांच्या प्रवासांचे तपशील आणि पूर्वजन्मांची गुंतागुंत त्यांनी संयमाने सांभाळली आहे. अस्वल या पुस्तकात प्राणिशास्त्र आणि दंतकथा यांना त्यांनी जे शेजारी बसविले, त्यामागेही जातकांचा हाच दीर्घ सहवास असावा.