‘रेवती’ची आजी

मंडळी, ओडिया कथेची चर्चा ‘रेवती’पासून सुरू करायची प्रथा आहे. मीही तिथूनच सुरू करतो, पण जरा भांडण उकरून काढायला.

फकीरमोहन सेनापतींची ही कथा १८९८ साली ‘उत्कल साहित्य’ मासिकात आली. तेव्हा लेखक पंचावन्न वर्षांचे होते, संस्थानांची दिवाणगिरी करून निवृत्त झालेले. १८६८ मध्ये आपली ‘लछमनिया’ ही कथा छापली गेली, असं ते आत्मचरित्रात सांगतात. पण ती आज मिळत नाही. म्हणून पहिलेपणाचा मान ‘रेवती’ला.

कथा अगदी छोटी. पाटपूर नावाचं खेडं, जमीनदाराची वसुली करणारा श्यामबंधू, त्याची दहा वर्षांची मुलगी रेवती आणि गावातल्या शाळेचा तरुण मास्तर वासू. मुलीला शिकायचंय, बापाला ते पसंत आहे. एकटी आजी म्हणते, पोरीच्या जातीला अक्षरं कशाला? पुढे पटकी येते. बाप जातो, आई जाते, जमीनदार गुरंढोरं नेतो, वासू परीक्षेसाठी मुलांना घेऊन गेलेला असताना वाटेतच मरतो. शेवटी रेवती आणि आजीही.

आता भांडणाचा मुद्दा. पाठ्यपुस्तकात हिला स्त्रीशिक्षणाची कथा म्हणतात. मला ते पुरेसं वाटत नाही. सुधारणावादी लेखकानं काय केलं असतं? आजीला खोटं पाडलं असतं. मुलगी शिकली, घर सावरलं, आजीचे डोळे उघडले वगैरे. इथे तसं काही होत नाही. उलट आजीचं भाकीत एकेका मृत्यूनं खरं होत गेल्यासारखं दिसतं! पोरगी शिकायला लागली म्हणून घर बुडालं, हे आजीचं गणित आहे, आणि लेखक ते खोडून काढायला एकदाही मध्ये येत नाही. कारण पटकी आहे, जमीनदार आहे, हे आपल्याला दिसतं. आजीला दिसत नाही. तिला समोर दिसते ती एकच गोष्ट, नात आणि तिचं पुस्तक. मग ती नातीला आग म्हणते, चूल म्हणते, शिव्याशाप देते आणि त्याच नातीच्या जिवाशी चिकटून राहते. मला तर आजीच्या तोंडची भाषाच कथेतली सगळ्यात जिवंत गोष्ट वाटते. ती बोली आहे, पंडिती नाही.

आणि हे साधं नव्हतं. १८७० च्या सुमारास बालेश्वरात एका बंगाली शिक्षकानं ओडिया ही स्वतंत्र भाषाच नाही असं पुस्तक लिहिलं होतं. शाळांतून ओडिया जाऊन बंगाली येण्याची वेळ आली होती. त्या लढ्यात फकीरमोहन आघाडीवर होते. १८६८ मध्येच त्यांनी बालेश्वरात छापखाना उभा केला होता. तेव्हा रेवतीच्या हातात पुस्तक आहे यापाठोपाठ ‘कुठल्या भाषेचं?’ हा प्रश्नही येतो. कथा तो विचारत नाही, पण तिचा लेखक तो विचारत जगला होता.

शिक्षणाबद्दल ते भाबडेही नव्हते. ‘डाकमुन्शी’ वाचा. तिथला मुलगा इंग्रजी शिकून पोस्टमास्तर होतो आणि खेडवळ बापाची त्याला लाज वाटू लागते. म्हणजे एकाच लेखकाच्या एका कथेत शिकायला न मिळालेली मुलगी, दुसऱ्यात शिकून माणुसकी हरवलेला मुलगा. या दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या तर ‘शिक्षणाचा पुरस्कर्ता’ हे लेबल गळून पडतं.

जाता जाता आपल्याशी संबंधित एक गोष्ट. १७५१ ते १८०३ ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होता. फकीरमोहनांची ‘लछमा’ ही कादंबरी मराठी बारगीरांच्या स्वाऱ्यांच्या काळावर आहे. त्यात आपण नायक नाही, बरं का! मराठी वाचकानं ती जरूर वाचावी. पण आधी ‘रेवती’ वाचा, आणि वाचताना आजीची बाजू घेऊन बघा. मी दोनदा घेतली, दोन्ही वेळा शेवटच्या पानावर ती माझ्या हातून सुटली.