खाणीमागची चूल

बोलिव्हियाचा भूगोल शिकवताना आम्ही शिक्षक पोतोसीची चांदी सांगतो, कथील सांगतो. कथील काढणाऱ्याच्या घरातली चूल मात्र वगळतो. खाणकामगाराची पत्नी दोमितिला बारिओस दे चुंगारा हिचे, मोएमा व्हिएझर यांनी शब्दांकित केलेले ‘मला बोलू द्याल तर’ हे मूळ स्पॅनिश आत्मकथन (१९७७) ह्या चुलीचाच हिशेब देते. पहाटे चारला उठून ही बाई विकायला सालतेन्या, म्हणजे तिखट करंज्या, करी. स्वयंपाक, धुणे, मुलांची देखभाल यांची मजुरी मांडून ती दाखवते, की नवऱ्याच्या पगारात एवढे काम विकत मिळणार नाही. १९५२ साली मोठ्या खाणी सरकारी झाल्या. हे काम फुकटच राहिले. देशाची पूर्वेकडील सपाट अरण्यभूमी पुस्तकात जवळजवळ नाही, ही उणीव खरी. पण देशाच्या मिळकतीत घरच्या बाईचा वाटा किती, हे इतक्या साध्या भाषेत सांगणारे पुस्तक विरळाच.