आरोग्य-माहितीची गोपनीयता आणि शासकीय समितीतील ‘तज्ज्ञ’ : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक समीक्षा

प्रास्ताविक

शासनाने एखाद्या विषयावर समिती नेमली की पुढे तिच्या अहवालाची चर्चा होते. समितीवर कोणाला घेतले आणि कोणाला घेतले नाही, याची चर्चा क्वचितच होते. वास्तविक अहवालाची दिशा बऱ्याच अंशी सदस्यांच्या नामनिर्देशनातच ठरलेली असते. रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेबाबत तर ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. कारण या विषयाचा ‘तज्ज्ञ’ कोण, हा प्रश्नच अद्याप नीट विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीची रचना, तिचा अहवाल आणि त्यानंतरची वाटचाल यांची परभणीसारख्या जिल्ह्याच्या दृष्टिकोनातून समीक्षा केली आहे.

समितीची रचना

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ३१ जुलै २०१७ रोजी ही समिती नेमली. त्यानंतर महिनाभरातच, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. मुंबई दंगलीच्या चौकशी आयोगामुळे श्रीकृष्ण हे नाव मराठी वाचकांना परिचित आहे. अशा व्यक्तीकडे अध्यक्षपद आल्याने समितीला नैतिक वजन लाभले, हे मान्य केले पाहिजे.

तथापि दहा जणांच्या या समितीची रचना पाहिली असता वेगळे चित्र दिसते. अध्यक्षांखेरीज दूरसंचार खात्याच्या सचिव, आधार प्राधिकरणाचे मुख्य कार्यकारी अधिकारी, माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे दोन अधिकारी आणि राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयक असे पाच जण शासनाचे होते. एक सदस्य आयआयटीचे संचालक, एक आयआयएमचे संचालक, एक विधी-धोरण संस्थेचे संशोधक आणि एक माहिती-सुरक्षा क्षेत्रातील उद्योगसंस्थेच्या प्रमुख होत्या. यांत डॉक्टर नव्हता, परिचारिका नव्हती, रुग्णहक्कांसाठी काम करणारी व्यक्ती नव्हती. आरोग्य मंत्रालयाचाही प्रतिनिधी नव्हता. ज्या आधार प्राधिकरणाच्या कार्यपद्धतीविरुद्ध न्यायालयात याचिका प्रलंबित होत्या, त्याच प्राधिकरणाचे प्रमुख मात्र सदस्य होते.

अहवालाचे मूल्यमापन

२७ जुलै २०१८ रोजी सादर झालेल्या अहवालाच्या शीर्षकात मुक्त व न्याय्य डिजिटल अर्थव्यवस्थेचा उल्लेख प्रथम येतो, खासगीपणाच्या रक्षणाचा नंतर. हा क्रम अर्थपूर्ण आहे. असे असले तरी अहवालाकडे केवळ उद्योगधार्जिणा म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. सोबतच्या मसुद्याने आरोग्य-माहितीची व्यापक व्याख्या केली. व्यक्तीच्या शारीरिक वा मानसिक स्थितीच्या भूत, वर्तमान व भविष्यकालीन नोंदी, सेवेसाठी नाव नोंदवताना घेतलेली माहिती आणि व्यक्तीचा विशिष्ट आरोग्यसेवेशी संबंध दर्शविणारी माहिती या सर्वांचा तीत समावेश होता. ही माहिती ‘संवेदनशील’ ठरवून तिच्या वापरासाठी सुस्पष्ट संमतीची अट घालण्यात आली.

उणीव आहे ती संमतीच्या कल्पनेत. अहवालातील नागरिक हा एकटा, साक्षर, स्वतःचा फोन बाळगणारा आणि अटी वाचून होकार वा नकार देणारा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार १८,३६,०८६ लोकसंख्येच्या आणि नऊ तालुक्यांच्या परभणी जिल्ह्यात असा नागरिक सर्वत्र गृहीत धरता येत नाही. घरात एकच फोन असतो आणि बहुधा तो नवऱ्याच्या वा मुलाच्या खिशात असतो. नोंदणीचा सांकेतिक क्रमांक त्या फोनवर येतो. तपासणीचा निरोपही तेथेच येतो. स्त्रीला आपली गोष्ट दूरच्या कंपनीपासून जपायची असतेच. पण त्याहून आधी ती सासरपासून, भावकीपासून आणि गावापासून जपायची असते. दूरसंचार, व्यवस्थापन व विधी या क्षेत्रांतील तज्ज्ञांच्या समितीला हा प्रश्न न दिसणे स्वाभाविक होते. आशा कार्यकर्तीला तो रोज दिसतो.

ऊसतोड स्त्रियांचे उदाहरण

गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोड मजूर साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात. शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. त्या वेळी ऐंशी हजारांहून अधिक स्त्रियांचे सर्वेक्षण झाले.

या प्रकरणातून गोपनीयतेची दोन टोके स्पष्ट होतात. रुग्णालयांनी गोपनीयतेचे कारण पुढे करून नोंदी दाखविण्याचे नाकारले असते, तर अनावश्यक शस्त्रक्रिया कधीच उजेडात आल्या नसत्या. उलट त्याच नोंदी नावानिशी मुकादमाच्या हाती पडल्या, तर कोणत्या कोयत्याला किती उचल द्यायची आणि कोणाला कामावर घ्यायचे नाही, हे त्यावरून ठरू शकते. म्हणजे माहिती कोणापासून झाकायची आणि कोणासमोर उघडी करायची, याचा विवेक हाच या विषयातील तज्ज्ञतेचा गाभा आहे. संगणकाची सुरक्षा हे त्याचे केवळ एक अंग होय. कुलूप मजबूत असले तरी किल्ली कोणाकडे द्यायची, हे कुलूप बनविणारा सांगू शकत नाही.

नामनिर्देशनाचे दोन नमुने

येथे अमेरिकेतील एक उदाहरण उपयुक्त ठरते. २००९ च्या कायद्याने तेथे आरोग्य माहिती तंत्रज्ञान धोरण समिती स्थापन झाली. तिच्यातील तेरा सदस्य कॉम्प्ट्रोलर जनरल, म्हणजे आपल्याकडील महालेखापरीक्षकासारख्या अधिकाऱ्याने, नेमावयाचे होते. त्यांत तीन जागा रुग्ण वा ग्राहकांच्या बाजूने बोलणाऱ्यांसाठी, एक आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कामगार संघटनेसाठी, एक दुर्बल घटकांच्या आरोग्याच्या जाणकारासाठी आणि एक आरोग्य-माहितीच्या गोपनीयता व सुरक्षिततेच्या तज्ज्ञासाठी कायद्यानेच राखून ठेवली होती. पुढे २०१६ च्या कायद्यान्वये त्या समितीची जागा दुसऱ्या समितीने घेतली. परंतु जागांचे प्रकार आधी ठरवायचे आणि मग नावे शोधायची, हे तत्त्व महत्त्वाचे आहे.

यासाठी परदेशाकडेच पाहावे लागते असे नाही. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्यातील सल्लागार समितीची रचना पाहावी. तीन वैद्यकीय तज्ज्ञ, एक विधिज्ञ, माहिती व प्रसिद्धी खात्याचा एक अधिकारी आणि तीन नामवंत सामाजिक कार्यकर्ते, त्यांपैकी किमान एक महिला संघटनेचा प्रतिनिधी, अशी आठ जणांची समिती कायद्याने सांगितली आहे. लिंगनिदानासाठी तंत्राच्या वापराशी वा प्रसाराशी ज्याचा संबंध आला आहे, त्याला सदस्य करता येत नाही, असाही निर्बंध आहे. म्हणजे हितसंबंध टाळण्याची आणि समाजाला जागा देण्याची रीत आपल्याच कायद्यात उपलब्ध होती. माहिती संरक्षणाच्या कायद्यात मात्र ती उतरली नाही.

पुढील वाटचाल

२०१८ च्या मसुद्यात प्राधिकरणाच्या सदस्यांची निवड करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद सरन्यायाधीश वा त्यांनी नेमलेल्या न्यायमूर्तींकडे होते आणि एका तज्ज्ञाला स्थान होते. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकात ही निवड केवळ तीन सचिवांकडे सोपविण्यात आली. स्वतः श्रीकृष्ण यांनी त्या विधेयकावर जाहीर टीका केली. ऑगस्ट २०२२ मध्ये विधेयक मागे घेतले गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ‘संवेदनशील माहिती’ हा वेगळा वर्गच राहिला नाही. परिणामी क्षयरोगाची नोंद आणि दुकानातील खरेदीची नोंद मूलतः एकाच पातळीवर आली. मंडळाच्या सदस्यांसाठी माहिती-व्यवस्थापन, सामाजिक वा ग्राहक संरक्षणविषयक कायदे, तंटा-निवारण, तंत्रज्ञान, डिजिटल अर्थव्यवस्था, विधी अशी क्षेत्रे नमूद आहेत आणि किमान एक सदस्य विधितज्ज्ञ असावा, अशी अट आहे. आरोग्याचा त्यांत निर्देश नाही. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनुसार शोध-निवड समितीत सचिवांबरोबर दोन तज्ज्ञ असतील. पण कोणते क्षेत्र उपयुक्त, हे शासनाच्या मतावर सोपविले आहे.

आरोग्य मंत्रालयाने मार्च २०१८ मध्ये आरोग्य-माहितीसाठी स्वतंत्र ‘दिशा’ कायद्याचा मसुदा जाहीर केला होता. तो कायदा झाला नाही. २०२० मध्ये आरोग्य-माहिती व्यवस्थापन धोरणाचा मसुदा सूचनांसाठी खुला झाला, तेव्हा आरंभी सुमारे एका आठवड्याचीच मुदत होती. नंतर ती २१ सप्टेंबरपर्यंत वाढविण्यात आली. ज्यांना समितीत स्थान नव्हते, त्यांना सूचनेसाठीही पुरेसा अवकाश मिळू नये, ही बाब चिंताजनक आहे.

एक आक्षेप

समिती ही तज्ज्ञांची असावी, प्रतिनिधींची नव्हे. प्रत्येक घटकाला जागा दिली तर समितीची सभा होईल, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो निराधार नाही. परंतु या आक्षेपात अनुभव व ज्ञान यांची फारकत गृहीत धरलेली आहे. एचआयव्ही तपासणी केंद्रातील समुपदेशक रुग्णाला नावाऐवजी क्रमांकाने ओळखणे, नातेवाइकांसमोर अहवाल न देणे, जोडीदाराला केव्हा व कसे सांगावे हे ठरविणे, अशी गोपनीयतेची पद्धत वर्षानुवर्षे राबवीत आला आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने या पद्धतीला वैधानिक आधार दिला. असा समुपदेशक समितीवर आला, तर तो एका घटकाचा प्रतिनिधी म्हणून येत नाही. या विषयातील कसलेला जाणकार म्हणून येतो. त्याच्याकडे पदवी कोणती आहे, हा प्रश्न त्यानंतरचा.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, श्रीकृष्ण समितीच्या अहवालाची मर्यादा सदस्यांच्या हेतूत नसून त्यांच्या निवडीत होती. आणि नंतरच्या कायद्याने ती मर्यादा दूर करण्याऐवजी वाढविली. यापुढे राष्ट्रीय वा राज्य पातळीवर आरोग्य-माहितीविषयी कोणतीही सल्लागार समिती नेमताना जागांचे प्रकार आधी जाहीर व्हावेत, नामनिर्देशनासाठी खुले आवाहन व्हावे, हितसंबंधांचे निवेदन घ्यावे आणि जिल्हा पातळीवर रुग्णांच्या नोंदी हाताळणाऱ्या किमान एका व्यक्तीस स्थान मिळावे. आशा कार्यकर्तीच्या वहीत गावातील गरोदरपणाच्या, गर्भपाताच्या आणि क्षयरोगाच्या नोंदी असतात. ती वही आता संगणकात जात आहे. वही कोणाला दाखवायची नाही, हे तिला ठाऊक आहे. संगणकाबाबतचा तो निर्णय घेणाऱ्या सभेत मात्र तिला अद्याप बोलावणे नाही.