‘अन्याय’ हा जास्तीचा शब्द

आमच्या औद्योगिक पट्ट्यात अनेक कारखान्यांच्या फाटकापाशी किमान वेतनाचा तक्ता लावलेला असतो. त्यात कामगारांचे तीन वर्ग : कुशल, अर्धकुशल, अकुशल. पालीतही कुसल आणि अकुसल हे शब्द आहेत, पण ते माणसांचे नव्हेत, कर्मांचे वर्ग आहेत. लोभ, द्वेष आणि मोह यांतून निघालेलं कर्म अकुशल. ‘अट्ठसालिनी’ ही जुनी टीका कुसल शब्दाचे चार अर्थ देते : आरोग्य, निर्दोषपणा, कौशल्य आणि सुखद फळ देणारं. ‘इकडे सर्व कुशल’ असं पत्रात लिहिताना आपण आरोग्याचा अर्थ घेतो, वेतनाच्या तक्त्यात कौशल्याचा. निर्दोषपणाचा अर्थ मात्र रोजच्या मराठीतून निसटला.

तो निसटल्याचा परिणाम बौद्ध आचारावरच्या हल्लीच्या बऱ्याचशा लेखनात आणि व्याख्यानांत दिसतो. श्वासाकडे लक्ष द्या, राग ओळखा, मन हलकं ठेवा. सगळं आरोग्याच्या बाजूचं. आयटीत काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना ते मानवतं, कारण दिवसाचे नऊ तास ज्या कामात जातात त्या कामाबद्दल तिथे कुणी काही विचारत नाही. अष्टांग मार्गातलं पाचवं अंग मात्र नेमकं तेच विचारतं. सम्यक आजीव : तू पोट कशावर भरतोस?

मराठीत या प्रश्नाला दोन मोठ्या माणसांनी हात घातला आहे, आणि दोघांच्या उत्तरांतला फरक जितका मोजला जायला हवा तितका मोजला जात नाही.

मूळ निकायांत उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांची यादी येते : शस्त्रं, प्राणी, मांस, मद्य आणि विष. धर्मानंद कोसंबींनी (१८७६-१९४७) ‘भगवान बुद्ध’मध्ये सम्यक आजीव समजावताना दारूची विक्री, जनावरांची देवघेव अशी उदाहरणं ठेवली, पण कसोटी अधिक रुंद केली : उपजीविकेमुळे समाजाला अपाय होऊ नये. गोव्यातल्या साखवाळहून निघून नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश पालथे घालणाऱ्या आणि पुढे पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणाऱ्या या माणसाचं गद्य इतकं साधं आहे, की त्यातला बदल लक्षातही येत नाही. यादीकडून तो परिणामाकडे सरकला आहे.

बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये (१९५७, निधनानंतर प्रकाशित) पहिल्या प्रवचनाच्या प्रकरणात सम्यक आजीवाला फक्त चार-पाच वाक्यं मिळतात. तिथे पाच व्यापारांची यादी नाही. पोट प्रत्येकाला भरावं लागतं, मार्ग मात्र बरेवाईट असतात, आणि वाईट मार्ग ते ज्यांनी दुसऱ्याला इजा होते किंवा दुसऱ्यावर अन्याय होतो, असा त्या वाक्यांचा आशय. इजेचं कोसंबींच्या अपायाशी नातं आहे. अन्याय हा जास्तीचा शब्द आहे, आणि माझ्या मते अख्ख्या व्याख्येचं वजन त्याच्यावर आहे.

यादी का गळली याचं उत्तर ग्रंथातच आहे. अहिंसेवरच्या भागात आंबेडकर नियम आणि तत्त्व यांत फरक करतात. नियम बांधून टाकतो, तत्त्व विचार करायला भाग पाडतं. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतही ते भेद करतात. असा लेखक शस्त्रांचा व्यापार ‘वर्ज्य’ म्हणून खूण करून मोकळा होणं शक्य नव्हतं. आमच्या धंद्याच्या भाषेत, तक्त्यात नाव शोधणं वेगळं आणि अट तपासणं वेगळं.

पण मला या उत्तराच्या खाली आणखी एक थर दिसतो. त्यासाठी लोकलचा नकाशा पुरे. कासारवाडीहून पुण्याच्या दिशेला दापोडी सोडली की खडकी, तिथे १८६९ सालचा दारूगोळा कारखाना. लोणावळ्याच्या दिशेला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि मग देहूरोड : छावणी आणि लष्करी डेपोंचं गाव. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी आंबेडकरांच्या हस्ते, रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना झाली. निकायांतली यादी अक्षरशः लावली तर ज्या गावात विहार उभा राहिला, त्या गावातल्या कितीतरी घरांची चूल पहिल्याच निषिद्ध व्यापाराशी बांधलेली होती. (नोकर म्हणजे व्यापारी नव्हे, ही पळवाट आहे. पण ती वाटते तितकी लहान नाही, तिच्याकडे येतो.)

आंबेडकर सुभेदाराचे चिरंजीव होते. महारांसाठी फौज म्हणजे काय होती हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही : पगार, शाळा, आणि गावकीतून सुटका. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्यभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. शस्त्राच्या जवळचं काम तिथे न्यायाकडे जाणारी वाट होती. उलट मेलेलं जनावर ओढणं हे काम पाहा. पाचांच्या यादीत ते नाही, समाजाला त्याने अपाय नाही, फायदाच आहे. कोसंबींच्या कसोटीवर ते सहज पास होतं. तरीही १९२७ साली महाडला आंबेडकरांनी ज्या गोष्टी सोडायला सांगितल्या त्यांत मृत मांस होतं, आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी महार वतनाविरुद्ध विधेयक आणलं. कुणालाही इजा न करणारी उपजीविका अन्यायाने भरलेली असू शकते, हे ज्याने पाहिलंय त्यालाच ‘अन्याय’ हा शब्द सुचेल.

आणि इथेच व्याख्या मला अपुरीही वाटते. तिच्यात अन्याय होतो तो ‘दुसऱ्यावर’. कमावणारा हा कर्ता, बाकीचे भोगणारे. पण वतनाच्या महारावर अन्याय त्याच्या उपजीविकेनेच होत होता. जुन्या ग्रंथांतला उपासक बहुधा अनाथपिंडिकासारखा गृहपती, ज्याला व्यापार निवडता येतो. जात उपजीविका निवडू देत नाही (आमच्या वस्तीच्या नावातही एक धंदा चिकटलेला आहेच), आणि कंत्राटी कामही फारसं निवडू देत नाही. १९२८च्या आंबेडकरांना जे लख्ख दिसत होतं ते १९५७च्या ग्रंथातल्या या परिच्छेदात उमटलेलं नाही.

ते दुसरीकडे आहे. पाचव्या खंडात, गृहस्थांच्या विनयात, सिगालाला केलेल्या उपदेशावर आधारलेला मालक-नोकरांचा भाग येतो. मालकाने नोकराला झेपेल तेवढंच काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावं, वेळोवेळी सुटी द्यावी. सम्यक आजीव आणि हा भाग यांत तीन खंडांचं अंतर आहे. व्याख्यानांत पहिला येतो, दुसरा क्वचित. दोन्ही एकत्र वाचले तरच अन्याय या शब्दाला मोजमाप मिळतं : किती काम, किती वेतन, आजारपणात कोण, सुटी कधी. नोकराच्या पळवाटेचं उत्तरही तिथेच आहे. यादी व्यापाऱ्याशी बोलते. या पानावर नोकर आपलं देणं असलेला आणि घेणंही असलेला माणूस म्हणून येतो.

माझ्या कामाला ही कसोटी लावून पाहिली. आम्ही कारखान्यांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर लिहितो. यात शस्त्र नाही, मद्य नाही, विष नाही. एका ग्राहकाची अट अशी : कंत्राटी कामगार फाटकावर सात मिनिटं उशिरा आला तर अर्धा तास कापायचा, पाळी संपल्यावर पंधरा मिनिटांपर्यंत जास्त थांबला तर ती मिनिटं धरायची नाहीत. दोन ओळींचं काम. यादीला यात काही दिसत नाही. ‘समाजाला अपाय’ म्हणावं तर हा आकडा फार बारीक. ‘अन्याय’ हा शब्द मात्र थेट त्या दोन ओळींवर येऊन थांबतो. मी लिहिल्या नसत्या तर शेजारच्या टेबलावर लिहिल्या गेल्या असत्या हे खरं आहे, आणि त्या युक्तिवादाला या ग्रंथात कुठे जागा मिळते का हे शोधायला मी पुन्हा पहिल्या खंडाकडे गेलो.

चार दृश्यांची कथा आंबेडकर नाकारतात हे सगळ्यांना माहीत असतं. म्हातारा, रोगी, प्रेत हे एकोणतिसाव्या वर्षापर्यंत दिसलेच नाहीत, हे त्यांना पटत नाही. गृहत्यागामागे शस्त्रांची भीती आणि कलह पाहण्याची दिशा कोसंबींनी आधीच दाखवली होती. आंबेडकरांच्या कथनात रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचा तंटा पेटतो, शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोधात मत देतो आणि हरतो. मग सेनापती त्याला सांगतो की लढायला आला नाहीस तर घरच्यांवर बहिष्कार पडेल, जमिनी जप्त होतील. सिद्धार्थ अल्पमतात आहे, आपल्या एकट्याच्या नकाराने युद्ध थांबणार नाही हेही त्याला ठाऊक आहे. तो घरच्यांची शिक्षा टाळण्याचा मार्ग शोधतो, परिव्रज्या पत्करतो, आणि शस्त्र मात्र उचलत नाही. पुढे तो घरी हे सांगायला जातो ती पानं ग्रंथातली सर्वांत हळवी आहेत. यशोधरा तिथे त्याला अडवत नाही.