'द लोनली लंडनर्स' : वर्णभेदाचे सौजन्य

वर्णद्वेषाचे चित्रण करणाऱ्या वाङ्मयाचे मूल्यमापन करताना समीक्षक बहुधा अत्याचाराची तीव्रता मोजू लागतो. प्रसंग जितका भीषण तितकी कृती प्रभावी, असा समज त्यामागे असतो. सॅम्युएल सेल्व्हन यांची 'द लोनली लंडनर्स' (१९५६) ही कादंबरी या समजाला छेद देते. तीत दंगल नाही, खून नाही. तरीही युद्धोत्तर लंडनमधील वर्णभेदाचे इतके नेमके दर्शन क्वचितच घडते. हे कसे साधले आणि कोठे उणे राहिले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१९४८ च्या जूनमध्ये 'एम्पायर विंडरश' हे जहाज वेस्ट इंडीजमधील शेकडो प्रवाशांसह टिलबरी बंदरास लागले. त्याच वर्षीच्या नागरिकत्वाच्या कायद्याने वसाहतींतील प्रजेचा ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा अधिकार मान्य केला होता. परंतु वर्णावरून खोली वा नोकरी नाकारणे यास कायद्याची आडकाठी नव्हती. १९६५ चा वंशसंबंधविषयक कायदा सार्वजनिक स्थळांपुरताच होता. घरे व नोकऱ्या त्याच्या कक्षेत आल्या त्या १९६८ मध्ये. हक्क आणि व्यवहार यांमधील ही पोकळी हेच या कादंबरीचे खरे स्थळ होय. त्रिनिदादमधील भारतीय वंशाचे सेल्व्हन स्वतः १९५० मध्ये लंडनला आले होते.

जुना रहिवासी मोझेस हा नवागत गॅलाहॅडला सेवायोजन कार्यालयाची रीत समजावून सांगतो. तेथील नोंदीच्या कार्डावर हा मनुष्य जमैकाचा व काळा आहे, असे सुचविणारी आद्याक्षरे लाल शाईने लिहिलेली असतात. जागा रिकामी झाली की 'काळा चालेल काय' हे मालकास आधी विचारले जाते. यात कोणी कोणाचा अपमान करीत नाही. उलट उमेदवाराचा हेलपाटा वाचविला जातो, असेही कारकुनास म्हणता येईल. गॅलाहॅड मूळचा त्रिनिदादचा, ही गोष्ट कार्डाच्या दृष्टीने गौण ठरते. रेल्वेच्या आवारात मोझेसला कामावरून काढतात तेव्हाही, सहकाऱ्यांनी संपाची धमकी दिली हे कारण पुढे केले जात नाही. नोकरकपातीचे निमित्त सांगितले जाते. भेदभावाची ही सभ्य भाषा सेल्व्हन यांनी अचूक पकडली आहे. शिवीला उत्तर देता येते, निमित्ताला देता येत नाही.

गॅलाहॅड आपल्या हाताच्या रंगालाच प्रश्न विचारतो तो प्रसंग प्रसिद्ध आहे. लोकांचा राग माणसावर नसून रंगावर आहे, असा सिद्धान्त तो मांडतो आणि मोझेस त्याची सौम्य थट्टा करतो. ही थट्टा मर्माची आहे. माणूस आणि रंग यांची फारकत करून गॅलाहॅड स्वतःचे सांत्वन करू पाहतो. कार्ड मात्र माणसाला रंगातच विरघळवून टाकते.

ही कादंबरी पीडितांना निर्दोष ठरविण्याच्या मोहात पडत नाही, हा तिचा दुसरा विशेष. नवागतांचे लोंढे आपले बस्तान बिघडवतील, अशी कुरकूर खुद्द मोझेसच करतो. एका पोलिश उपाहारगृहवाल्याने आपल्याला दार बंद करावे याचा त्याला संताप येतो, परंतु 'तो परका, आपण ब्रिटिश प्रजाजन' हा त्याचा युक्तिवाद हद्दपारीच्याच तर्कशास्त्रातून उसना घेतलेला आहे. 'मोझेस असेंडिंग' (१९७५) या उत्तरकथेत तो घरमालक होतो, तेव्हा या वृत्तीची परिणती दिसते. पूर्वग्रह हा एखाद्या वंशाचा स्वभाव नसून शिडीवरील जागेचा परिणाम आहे, असे या दोन कादंबऱ्या एकत्र वाचता प्रतीत होते.

मराठी वाचकास येथे बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील शीर्षककथा आठवणे स्वाभाविक आहे. रेल्वेत नोकरीस लागलेला तरुण जात लपवून राहतो आणि ती उघड होताच मार खातो. जात डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती विचारावी लागते आणि चोरताही येते. रंग विचारावा लागत नाही. सेल्व्हन यांचा उजळ वर्णाचा बार्ट स्वतःला दक्षिण अमेरिकन म्हणवतो आणि काळ्या सोबत्यांना टाळतो. तरी प्रेयसीचा बाप त्याला ओळखून घराबाहेर काढतोच. बागूलांची कथा स्फोटाकडे जाते, सेल्व्हन विनोदाकडे वळतात. हा फरक केवळ वृत्तीचा नाही. एकाच्या वाट्यास काठी आली, दुसऱ्याच्या वाट्यास निमित्त.

निवेदनाच्या भाषेत सेल्व्हन यांचे मोठे यश आहे. आरंभी प्रमाण इंग्रजीत लिहिता येईना, तेव्हा आपण त्रिनिदादची बोली स्वीकारली, असे त्यांनी पुढे सांगितले. बोली संवादांपुरतीच ठेवली असती तर पात्रे प्रेक्षणीय झाली असती. निवेदकच ती बोलतो, त्यामुळे लंडन हाच परका प्रदेश ठरतो आणि त्याचे वर्णन करण्याचा अधिकार पाहुण्यांकडे जातो.

मात्र हा अधिकार स्त्रियांपर्यंत पोहोचत नाही. मोझेसच्या थट्टेमुळे संशय पेटून लुईस आपल्या पत्नीला, ॲग्नेसला, मारतो. ती मारहाण हास्यकथेच्या सुरातच सांगितली जाते. टँटी उधारीसाठी दुकानदाराला वठणीवर आणते, एवढाच सन्माननीय अपवाद. गोऱ्या स्त्रिया तर बहुतांशी शिकारीच्या वस्तू म्हणूनच येतात. कालाचे बंधन सांगून हा दोष झाकता येणार नाही. कारण माणसाला एका खुणेत बंद करण्याविरुद्धच ही कादंबरी उभी आहे.

२०१८ मध्ये ब्रिटनमध्ये उघड झाले की, लहानपणी कायदेशीरपणे आलेल्या कॅरिबियन नागरिकांना, कागद नाहीत म्हणून, नोकऱ्या, उपचार व काहींना देशही गमवावा लागला. त्यांच्या पिढीच्या आगमनाची हजारो कार्डे गृहखात्याने २०१० मध्ये नष्ट केली होती. सेल्व्हन यांच्या काळी कार्डावरील खुणेने काम हिरावले, पुढे कार्डाच्या अभावाने नागरिकत्व. दोन्ही वेळी कोणी आवाज चढविला नव्हता. 'द लोनली लंडनर्स' आजही वाचावयाची ती या शांततेचा अर्थ समजण्यासाठी.