अहवालातील प्रगती आणि घरातले पाणी : ‘स्मृतिचित्रे’चे एक पुनर्वाचन

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, येथे त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. निवडीला काही संघटनांनी विरोध केला आणि त्या वादात ‘मिशनरी’ हा शब्द जणू एखादा आरोप असावा तसा वापरला गेला. विरोधक आणि समर्थक दोघेही धर्मांतराच्या आकड्यांविषयीच बोलत होते. मिशनच्या कार्याचे मोजमाप आकड्यांतच करावयाचे असते, हे गृहीतक मात्र कोणीही तपासले नाही. प्रस्तुत लेखात त्या गृहीतकाचा विचार लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) या ग्रंथाच्या आधारे करावयाचा आहे.

हे गृहीतक मूळचे मिशनचेच होय. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले, तेव्हापासून अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींना मायदेशी पत्रे आणि रोजनिशा पाठवाव्या लागत. देणगीदारांसाठी ‘मिशनरी हेरल्ड’ या नियतकालिकात त्या छापल्या जात. अशा लेखनाला स्वाभाविकच फलश्रुती हवी असे : किती शाळा, किती श्रोते, किती बाप्तिस्मे. पहिल्या काही वर्षांत फळ जवळजवळ नव्हतेच. हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या परिसरात पटकीने वारले, तेव्हा दाखवण्याजोगा आकडा नव्हता. पुढे १८३१ पासून अहमदनगर आणि १८६०च्या दशकात सोलापूर येथे ठाणी झाली. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे या भागातील मिशनचा इतिहास शोधताना अभ्यासकाला बहुधा सोलापूर-बार्शीकडे पाहावे लागते.

या अहवालांच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’ ठेवल्यास प्रगतीचे दुसरेच माप हाती येते. ग्रंथाचा आरंभ सोवळ्याच्या वेडाने पछाडलेल्या वडिलांपासून होतो. बाहेरून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज ते घरात घेत नसत. आपण हे प्रसंग वर्गात शिकवतो तेव्हा विद्यार्थी हसतात आणि आपणही विनोदाची उदाहरणे म्हणून पुढे जातो. वस्तुतः ग्रंथाचा कणाच तो आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे पंढरपुरात नातलगांकडे राहिल्या आणि पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे व आपले पाणी सोडले नाही. ज्या घरात नवरा ख्रिस्ती आहे, त्याच घरात चूल मात्र जुन्या धर्माची आहे! टिळकांनी बळजबरी केली नाही. सन १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अहवालात तो एक आकडा होय; ग्रंथात मात्र त्याआधी बरेच काही घडून गेलेले आहे. कोणाच्या हातचे पाणी चालेल, हा प्रश्न आधी सुटतो, धर्माचा प्रश्न नंतर.

म्हणून या ग्रंथाला केवळ ‘निर्व्याज आत्मकथन’ म्हणणे आम्हांस अपुरे वाटते. निर्व्याज या विशेषणाने लेखिकेची बुद्धी झाकली जाते. लक्ष्मीबाईंना लिहिण्या-वाचण्याचे शिक्षण बेताचेच मिळाले होते, हे खरे. परंतु कोणता तपशील ठेवावा याची त्यांची निवड अचूक आहे. स्वतःचा कर्मठपणा त्या लपवीत नाहीत, आणि तो सुटल्याबद्दल स्वतःची पाठही थोपटून घेत नाहीत. मिशनचा कोणताही पत्रलेखक इतके मोकळे लिहू शकला नसता, कारण त्याला वाचकाकडून वर्गणी हवी होती.

टिळकांनाही हा फरक उमगलेला दिसतो. १९१७ मध्ये ते मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि ‘देवाचा दरबार’ उभारण्याच्या प्रयत्नास लागले. परकीय पैशावर चालणारी मंडळी येथे रुजणार नाही, अशी त्यांची धारणा होती. तो प्रयत्न १९१९ मध्ये त्यांच्या निधनामुळे अपुरा राहिला.

तथापि या ग्रंथाच्या गौरवाला एक मर्यादा घालणे आवश्यक आहे. अहमदनगरच्या मंडळींत बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले होते. टिळक दांपत्याचे धर्मांतर वाङ्मयात गाजले, ते पुष्कळ अंशी ते ब्राह्मण होते म्हणून. लक्ष्मीबाईंनी पाण्याची अट सोडली, हे त्यांच्या बाजूने मोठे अंतर होते. ज्यांच्या हातचे पाणी त्यांनी घेतले, त्यांच्या बाजूने ते किती मोठे होते, हे ‘स्मृतिचित्रे’ सांगत नाही, आणि ते सांगणे लक्ष्मीबाईंना शक्यही नव्हते. त्यासाठी चर्चच्या नोंदवह्या, घरगुती पत्रे आणि सोलापूर-बार्शीकडच्या वृद्ध ख्रिस्ती स्त्रियांच्या तोंडी आठवणी यांच्याकडे वळावे लागेल. आपल्या महाविद्यालयांतील मराठी आणि इतिहास या दोन विभागांनी हे काम एकत्र हाती घेतले, तर ते अजूनही होण्याजोगे आहे.