विनोदाचा घाट आणि अपुरी राहिलेली कथा : हॅना गॅड्सबी यांचे ‘नॅनेट’

स्वतःवर हसणे हा विनोदकाराच्या मनाच्या मोठेपणाचा पुरावा होय, अशी समजूत विनोदमीमांसेत दीर्घकाळ रूढ आहे. मराठी समीक्षेने ज्या ‘निर्विष विनोदा’चा गौरव केला, त्यातही स्वतःलाच लक्ष्य करणाऱ्या विनोदास मानाचे स्थान मिळाले. दुसऱ्यास दुखवावयाचे नसेल तर स्वतःकडे बोट दाखवावे, हा त्यामागील सरळ नैतिक हिशेब आहे. परंतु जी व्यक्ती आधीच इतरांच्या उपहासाचा विषय आहे, तिने स्वतःवर केलेला विनोद निर्विष राहतो काय? ऑस्ट्रेलियन विनोदकार हॅना गॅड्सबी यांच्या ‘नॅनेट’ या स्टँड-अप प्रयोगाने हा प्रश्न थेट विनोदाच्या घाटाच्या पातळीवर उपस्थित केला. म्हणूनच तो प्रयोग केवळ आत्मनिवेदन म्हणून न पाहता विनोदाविषयीचे एक चिंतन म्हणून पाहणे अगत्याचे ठरते.

गॅड्सबी यांचा जन्म १९७८ चा; बालपण टास्मानियातील स्मिथटन या लहान गावी गेले. पुरुषांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा कायदा रद्द करणारे टास्मानिया हे ऑस्ट्रेलियातील अखेरचे राज्य. तेथे हा कायदा १९९७ मध्ये रद्द झाला. तत्पूर्वी या प्रश्नावर झालेली कडवट जाहीर चर्चा ही गॅड्सबी यांच्या पौगंडावस्थेची पार्श्वभूमी होती. कायदा पुरुषांपुरता होता; त्याच्याभोवतीची घृणा आणि तिच्यातून मनात रुजणारी लाज मात्र पुरुषांपुरती राहिली नाही. पुढे कलेतिहासाचे शिक्षण झाले आणि २००६ मध्ये नवोदित विनोदकारांच्या राष्ट्रीय स्पर्धेत यश मिळाले. त्यानंतरच्या दशकात गॅड्सबी यांचे जे रंगमंचीय व्यक्तिमत्त्व घडले, त्याचे भांडवल आत्मोपहास हेच होते : आपले गाव, आपले शरीर, आपले समलिंगी असणे, आईला ते सांगताना उडालेली तारांबळ.

‘यदा स्वयं हसति’ तेव्हा हास्य आत्मस्थ आणि ‘यदा परं हासयति’ तेव्हा ते परस्थ, असा भेद भरताने केला आहे. आत्मोपहासाची स्थिती या भेदात सहजी बसत नाही. येथे हास्याचे आलंबन विनोदकार स्वतः असतो, तर आश्रय प्रेक्षक असतो. हसवणारा स्वतः हसतोच असे नाही. हास्यापूर्वी हृदय क्षणभर बधिर व्हावे लागते, हे बर्गसाँचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. गॅड्सबी यांचा आक्षेप असा, की परिघावरील विनोदकाराला स्वतःचेच हृदय बधिर करून प्रेक्षकांची सोय पाहावी लागते. त्यामुळे त्याचा आत्मोपहास विनम्रता राहत नाही. बोलण्याच्या परवानगीसाठी मोजलेली ती किंमत ठरते.

हा आक्षेप केवळ विधान म्हणून आला असता तर त्याचे मोल मर्यादित राहिले असते. ‘नॅनेट’मध्ये तो रचनेतून सिद्ध होतो. विनोदाला दोन अंगे पुरतात : ताण निर्माण करणारी मांडणी आणि तो सोडविणारी कलाटणी. कथेला मात्र आदी, मध्य आणि अंत लागतो. विनोद मध्यावर थांबतो, आणि तेथे थांबतो म्हणूनच हसू येते. प्रयोगाच्या पूर्वार्धात बसथांब्यावरील एक प्रसंग येतो. आपल्या मैत्रिणीशी बोलणाऱ्या गॅड्सबी यांना एक तरुण पुरुष समजतो आणि अंगावर धावून येतो. समोर स्त्री आहे हे कळताच तो ओशाळून माघार घेतो. प्रेक्षक मनमुराद हसतात. उत्तरार्धात तीच कथा अंतापर्यंत सांगितली जाते. तो तरुण परत आला होता, त्याने मारहाण केली होती आणि त्याला कोणी अडविले नव्हते. मार खाणाऱ्या व्यक्तीने पोलिसांकडे वा रुग्णालयात जाण्याइतकेही स्वतःला मोलाचे मानले नव्हते.

हास्य आणि करुण हे परंपरेने परस्परविरोधी मानले गेलेले रस. येथे एकाच विभावातून प्रथम हास आणि नंतर शोक जागृत होतो, आणि अखेरीस क्रोध. अधिक महत्त्वाचे असे, की प्रेक्षकाला आपले पूर्वीचे हसू आठवावे लागते. साधारणीकरणाच्या आधारे रसिकाला लाभणारी तटस्थता त्याच्याकडून काढून घेतली जाते. आपण कशावर हसलो, याचा जाब त्याला स्वतःला द्यावा लागतो.

‘हा विनोद नव्हे, व्याख्यान आहे’ असा आक्षेप या प्रयोगावर घेतला गेला. त्यात रचनेकडे दुर्लक्ष झाले आहे. पूर्वार्धात प्रेक्षक हसले नसते तर उत्तरार्धातील मौनाला अर्थच उरला नसता. विनोदाचा त्याग करण्याची घोषणाही येथे विनोदावरील प्रभुत्वाच्या आधारेच उभी आहे. याउलट पिकासोवरील भाग तुलनेने दुबळा आहे. एकाच वेळी सर्व कोनांतून पाहण्याचे वचन देणाऱ्या घनवादात मारी-तेरेज वॉल्टर या तरुणीचा कोन कोठे आहे, हा प्रश्न मार्मिक खरा. परंतु त्याचे उत्तर रचनेतून उलगडत नाही, निकालासारखे सुनावले जाते. २०२३ मध्ये ब्रुकलिन संग्रहालयात गॅड्सबी यांच्या सहभागाने पिकासोविषयक प्रदर्शन भरले, तेव्हा त्यावर कठोर टीका झाली. रंगमंचाचा घाट सुटला की या युक्तिवादाचे बळ ओसरते, असा त्याचा अर्थ लावता येईल.

‘नॅनेट’ला २०१७ मध्ये मेलबर्न आणि एडिंबरा येथील महोत्सवांत सर्वोच्च पुरस्कार मिळाले. २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवरून तो जगभर पोचला. विनोद सोडण्याची घोषणा मात्र प्रत्यक्षात आली नाही. २०१९ मध्ये ‘डग्लस’ हा नवा प्रयोग आला. त्याच्या आरंभीच पुढे काय काय घडणार, याचा तपशीलवार आराखडा प्रेक्षकांपुढे ठेवला जातो आणि तरीही हसू येते. याला वचनभंग म्हणणे उथळपणाचे होईल. सोडावयाचा होता तो विनोद नव्हे, तर स्वतःला कमी लेखण्याची अट. गॅड्सबी यांनी पुढे स्त्री-पुरुष विभागणीत न बसणारी ओळख स्वीकारली, तीही याच प्रवासाशी सुसंगत आहे.

‘निर्विष’ हे विशेषण यापुढे वापरताना विनोदमीमांसेला एक प्रश्न विचारावा लागेल : विनोदातील विष खरोखर नाहीसे झाले आहे, की सांगणाऱ्याने ते एकट्याने प्राशन केले आहे?